घरगुती जनरेटर: आधी जागा आणि जोडणी, मग केव्हीए

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि वडोदऱ्याच्या पुष्कळ भागांत सलग दोन-तीन दिवस वीज नव्हती. पाणी शिरलेल्या भागातला पुरवठा वीज कंपनी मुद्दाम बंद ठेवते आणि ते योग्यच आहे, कारण बुडालेल्या मीटरपेट्यांतून वीज चालू राहिली तर रस्त्यावरच्या पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाच्या जिवाशी खेळ होईल. पण गच्चीवरची टाकी रिकामी, फ्रिजमध्ये आजोबांचे इन्सुलिन आणि इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच रात्री संपलेली, अशा घरात तीन दिवस काढणे सोपे नसते. त्यामुळे पावसाळा जवळ आला की दांडिया बाजारातल्या वाड्यापासून मांजलपूरच्या टेनामेंटपर्यंत (रांगेतल्या छोट्या घरांपर्यंत) हा विषय निघतो: एक छोटा पेट्रोल जनरेटर घेऊन ठेवावा का, आणि घ्यावा तर केवढ्याचा?

माझ्या मते ‘केवढ्याचा’ हा तिसरा प्रश्न आहे. तो चालताना कुठे उभा राहणार हा पहिला, आणि घराच्या वायरिंगला कसा जोडला जाणार हा दुसरा. या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर तिसऱ्याकडे वळूच नये.

हे यंत्र करते काय?

जनरेटर म्हणजे पेट्रोलवर चालणारे छोटे इंजिन आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर, म्हणजे फिरवल्यावर वीज निर्माण करणारा भाग. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. तशी वीज मिळावी म्हणून साध्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास सतत फिरत ठेवावे लागते, मग घरात एक दिवा जळत असो की सगळे पंखे चालू असोत. दुसरा प्रकार इन्व्हर्टर जनरेटरचा. तो तयार झालेली वीज इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून पुन्हा घडवून बाहेर देतो, त्यामुळे भार कमी असताना इंजिन हळू चालू शकते, आवाज कमी होतो आणि पेट्रोल वाचते. किंमत मात्र बरीच जास्त असते.

दोन्ही प्रकारांत पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा वीज होऊन बाहेर येतो आणि बाकीची ऊर्जा उष्णता व धुराच्या रूपाने निघून जाते. ढोबळमानाने एका लिटरमध्ये दोन युनिट वीज मिळते. पेट्रोल लिटरला ९५ रुपये धरले, तर एक युनिट ४५ ते ५० रुपयांना पडते. म्हणून नेहमीसारखे घर चालवण्याचे हे साधन नाही. अडचणीच्या दिवसांत नेमकी दोन-चार कामे उरकण्याचे आहे.

घरात इन्व्हर्टर आहे, मग हा खर्च कशाला?

पुष्कळ घरांच्या बाबतीत हा आक्षेप बरोबर आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास असतात आणि प्रत्यक्षात हाती अकराशे-बाराशे लागतात. चार पंखे आणि काही एलईडी दिवे त्यावर तीन तास चालतात. नेहमीचे तास-दोन तासांचे लाइट जाणे याने निभावते आणि त्यात धूर नाही, पेट्रोल नाही, आवाजही नाही. ज्यांची अडचण एवढीच आहे, त्यांनी जनरेटर घेऊ नये.

वीज दिवस-दिवस येणार नसेल तेव्हा हिशेब बदलतो, कारण बॅटरी पुन्हा भरायलाही वीजच लागते. अशा वेळी दोन्ही साधने मिळून चांगले काम करतात. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास जनरेटर चालवावा आणि तेवढ्यात टाकी भरून घ्यावी, फ्रिज थंड करावा, बॅटरीत होईल तेवढी वीज भरावी. रात्र इन्व्हर्टरवर काढावी. दार न उघडलेला फ्रिज सुमारे चार तास गारवा धरून ठेवतो, त्यामुळे त्याला अखंड वीज नसली तरी अन्न लगेच नासत नाही. इन्सुलिनसाठी दुपारी आणखी तासभर जनरेटर लावावा लागेल. रात्रभर जनरेटर चालू ठेवून झोपण्याची वेळ या पद्धतीत येत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे.

मग केवढ्याचा घ्यावा?

उपकरण चालताना लागणारी वीज आणि सुरू होताना लागणारी वीज यांत फरक असतो. भरलेली हातगाडी जागची हलवताना दोघांनी जोर लावावा लागतो आणि एकदा चालू लागली की एकटा माणूस तिला नेतो. मोटरचेही तसेच आहे. फ्रिज चालताना १५० वॅटच्या आसपास वीज घेतो, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट मागतो. अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालताना साडेपाचशे-सहाशे वॅटवर असतो, तर सुरू होताना पंधराशे-अठराशेपर्यंत जातो. चार पंखे (३०० वॅट), आठ एलईडी दिवे (७० वॅट), मोबाइल आणि वायफाय (५० वॅट) आणि फ्रिज यांची बेरीज ५७० होते. हे सर्व चालू असताना पंप लावला, तर क्षणभर २३०० वॅटच्या पुढे मागणी जाते आणि २ केव्हीएचा जनरेटर गुदमरतो.

केव्हीए हे क्षमतेचे माप आहे आणि पंप-फ्रिजसारख्या भारासाठी २ केव्हीएचे सुमारे १६०० वॅटच धरावेत. यंत्राच्या प्लेटवर बहुधा दोन आकडे असतात, एक कमाल क्षमता आणि दुसरी सतत पेलण्याची क्षमता. जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरांत असतो आणि आपण दुसरा धरायचा. पंप घरात असेल, तर ३ केव्हीएच्या आसपासचा जनरेटर निर्धास्तपणे पुरतो. २ केव्हीएच्या जनरेटरवर आधी एकटा पंप सुरू करावा, आणि तोही उचलला नाही तर जबरदस्ती करू नये. गीझर, इस्त्री आणि एसी या दिवसांत विसरावेत, कारण त्यांच्यासाठी मोठा जनरेटर घेतला तर एरवी तो तुटपुंज्या भारावर फुकट पेट्रोल पीत राहतो.

चालताना उभा कुठे करायचा?

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. यापुढे त्याला सीओ म्हणू. त्याला रंग नाही आणि वासही नाही. धुराचा जो वास येतो तो इतर वायूंचा, त्यामुळे वास येत नाही म्हणजे सीओ नाही असे मानता येत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, पण सीओ त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग श्वास नीट चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते आणि झोप येते. पुराच्या दिवसांत ही लक्षणे जागरणाची किंवा शिळ्या अन्नाची वाटतात आणि माणूस ‘जरा पडतो’ म्हणून आडवा होतो. सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. अमेरिकेत २०२० च्या ऑगस्टमध्ये लुईझियानात लॉरा हे चक्रीवादळ आले, त्यातल्या मृतांमध्ये घरगुती जनरेटरच्या धुराने गेलेल्यांचा वाटा फार मोठा होता. वादळातून वाचलेली माणसे नंतर घरात झोपेत गेली.

करोनाच्या काळात घराघरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. सीओच्या बाबतीत त्यावर मुळीच विसंबू नये. सीओ चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असतानाही तो ९७-९८ दाखवू शकतो. घरातल्या एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर सर्वांना लगेच मोकळ्या हवेत न्यावे, १०८ ला फोन करावा आणि जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचार ऑक्सिजनचा असतो आणि तो वेळेवर मिळावा लागतो.

अमेरिकी सुरक्षा यंत्रणांची शिफारस आहे, की चालू जनरेटर घरापासून निदान २० फूट दूर, पूर्ण मोकळ्या जागी, धुराचे तोंड घराकडे न करता ठेवावा. आपल्याकडे ही शिफारस पाळायची तर जागेची अडचण येते हे खरे, पण वायूला आपल्या अडचणीशी देणेघेणे नसते. जुन्या वाड्यातला चौक वरून उघडा असतो, म्हणून तो ‘बाहेर’ धरला जातो. पण त्याच्या चारी बाजूंना खोल्या असतात, माडीच्या खिडक्या त्यातच उघडतात आणि चार भिंतींच्या मध्ये वारा फिरत नाही. चौकात लावलेल्या जनरेटरचा धूर तिथेच साठतो आणि वर चढत माडीवरच्या खोल्यांत शिरतो. जिन्याखालची जागा, पोर्च, गाडीचे अर्धे शटर उघडलेले गॅरेज आणि दोन टेनामेंटमधली हातभर रुंदीची बोळ, या जागाही याच कारणाने वर्ज्य आहेत. गच्ची चालू शकते, पण जिन्याचे दार बंद हवे, शेजाऱ्यांच्या खिडक्या दूर हव्यात आणि ४०-४५ किलोचे यंत्र वर नेऊन नीट ठेवणारी माणसे हवीत.

पाऊस पडत असेल, तर चारी बाजूंनी उघड्या छपराखाली, जमिनीपासून थोडा उंच ठेवावा. चालू यंत्रावर प्लॅस्टिक टाकू नये.

खिडक्या उघड्या ठेवल्या आणि पंखा लावला तर?

तरीही भागत नाही. उघड्या खिडकीतून धूर बाहेर जाईल की आत येईल हे वारा ठरवतो आणि वारा तासातासाला दिशा बदलतो. जनरेटर बाहेर असेल, तर उलट त्या बाजूच्या खिडक्या बंदच ठेवाव्यात. बॅटरीवर चालणारा सीओ अलार्म बाजारात मिळतो. जनरेटर घेताना तो घ्यावाच आणि झोपण्याच्या खोलीत लावावा.

घराच्या वायरिंगला जोडायचा कसा?

फक्त फ्रिज, दोन पंखे आणि मोबाइल चालवायचे असतील, तर घराच्या वायरिंगला जोडूच नये. जनरेटरच्या सॉकेटमधून जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड काढून उपकरणे थेट त्यावर लावावीत. वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची आणि पूर्ण उलगडलेली असावी, कारण गुंडाळी तशीच ठेवून भार टाकला तर वायर आतून तापते. मला ही पद्धत सर्वांत पसंत आहे.

पूर्ण घर जोडायचे असेल, तर एकच योग्य मार्ग आहे: परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवून घेणे. या स्विचचे एका बाजूला वीज कंपनी, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मध्ये बंद असे तीन टप्पे असतात आणि दोन्ही पुरवठे एकाच वेळी घराला लागणे यांत्रिकदृष्ट्याच शक्य नसते. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही तुटावेत म्हणून तो दोन पोलचा हवा. त्याच भेटीत अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, यांचीही तपासणी करून घ्यावी. पुष्कळ लहान जनरेटरांत न्यूट्रल यंत्राच्या अंगाशी जोडलेला नसतो आणि मग घरातला आरसीसीबी जनरेटरच्या विजेवर माणसाला वाचवेलच असे नाही. टेस्टचे बटण दाबल्यावर तो पडला, एवढ्याने खात्री होत नाही.

प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत वेगळेच दिसते. दोन्ही टोकांना तीन पिनांचा प्लग लावलेली एक वायर असते. तिचे एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. सॉकेटमधून उलट्या दिशेने वीज सोडली की सारे घर उजळते. घाईत दुसरे टोक सॉकेटमधून सुटले, की बोटाच्या पेराएवढ्या उघड्या पितळी पिना हातात राहतात आणि त्यांत २३० व्होल्ट असतात. हे झाले घरातले. मेन स्विच चालू राहिला असेल, तर तीच वीज मीटरमधून बाहेर खांबावर जाते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करतो, पण तो दोन्ही दिशांनी काम करतो. घराकडून २३० व्होल्ट दिले तर तो पलीकडे ते हजारो व्होल्टपर्यंत चढवू शकतो. शेजारच्या घरांचा भार पडून जनरेटर बहुधा बंद पडेल, हे खरे. पण जिथे तार तुटून मोकळी लोंबते आहे तिथे भार नसतो, आणि लाइनमन हात घालतो तो नेमका तिथेच. भर पावसात आपला पुरवठा सुरू करण्यासाठी खांबावर चढलेल्या माणसाचा जीव आपल्या स्वयंपाकघरातल्या एका वायरवर अवलंबून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती वायर घरात असेल, तर दोन्ही प्लग कापून टाकावेत.

मेन स्विच आठवणीने बंद केला तर चालणार नाही का?

नाही. लाइट जाते रात्री दोन वाजता, अंधारात, आणि जनरेटर सुरू करणारा दर वेळी तोच माणूस असतो असे नाही. मेन स्विच एकाच पोलचा असेल, तर तो बंद केल्यावरही न्यूट्रल बाहेर जोडलेलाच राहतो. आणि जनरेटर चालू असताना ‘लाइट आली का बघू’ म्हणून कोणी मेन उचलला, तर दोन्ही पुरवठे एकमेकांवर आदळून यंत्र जळते, कधी आगही लागते.

छतावर सोलर आहे, तर?

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि घरगुती सोलरमध्ये गुजरात देशात आघाडीवर आहे, त्यामुळे हा प्रश्न वडोदऱ्यात फार विचारला जातो. अनुदानातली बहुतेक सोलर यंत्रणा बाहेरच्या पुरवठ्याशी ताल धरून चालते आणि लाइट गेली की स्वतःहून बंद होते. तसा तिला नियमच आहे, आणि कारणही खांबावरच्या माणसाच्या सुरक्षिततेचेच. जनरेटरची वीज तिच्या तारांत शिरली, तर हाच पुरवठा समजून ती सुरू होऊ शकते आणि जास्तीची वीज जनरेटरमध्ये घुसून दोन्हींचे नुकसान होते. म्हणून जनरेटर चालू असताना सोलरची वीज घरात आणणारा स्विच बंद हवा आणि चेंजओव्हर बसवणाऱ्याला घरात सोलर आहे हे आधी सांगायला हवे.

पेट्रोल किती आणि कशात ठेवावे?

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, मात्र घट्ट झाकणाच्या आणि २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात. प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन त्यात बसत नाही. घरासाठी मी १० लिटरच्या वर जाणार नाही. डबा देवघरातल्या समईपासून, गॅसच्या शेगडीपासून आणि मुलांच्या हातापासून दूर, सावलीत ठेवावा. घरगुती गॅस सिलिंडरवर जनरेटर चालवण्याचे किट कोणी सुचवले, तर नकार द्यावा. तो सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी आहे आणि अन्य वापर नियमबाह्य आहे.

टाकी भरताना इंजिन बंद करून १०-१५ मिनिटे थांबणे अत्यावश्यक आहे. बहुतेक यंत्रांत पेट्रोलची टाकी इंजिनाच्या अगदी वर असते आणि सांडलेले थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडतात.

देखभाल म्हणजे नक्की काय?

सर्वाधिक जनरेटर बिघडतात ते न वापरल्याने. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. तीन-चार महिने तसेच राहिलेले पेट्रोल शिळे होते. कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची, तळातली वाटी उघडली, तर बुडाशी लाखेसारखा चिकट पिवळट थर दिसतो आणि केसाएवढे छिद्र असलेला जेट त्याने बुजलेला असतो. मग ऐन पुराच्या रात्री दोरी ओढून हात दुखतात आणि इंजिन फक्त खोकते. म्हणून यंत्र ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, आणि महिनाभराहून जास्त ठेवायचे असेल तर टाकीही रिकामी करावी. दर महिन्याला थोडे ताजे पेट्रोल घालून, पंखा-दिव्यांचा भार देऊन १५-२० मिनिटे चालवून पाहावे.

ऑइलची पातळी प्रत्येक वेळी, यंत्र सपाट जागी ठेवून पाहावी. या इंजिनात ऑइल अर्ध्या लिटरच्या आसपासच असते, त्यामुळे थोडी घटही लवकर महागात पडते. नव्या यंत्राचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे. नेमका आकडा आणि ऑइलचा ग्रेड पुस्तिकेत असतो. चालवलेल्या तासांची नोंद यंत्रालाच चिकटवलेल्या कागदावर ठेवणे सोयीचे पडते. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ऑइल लावून परत बसवता येतो. स्पार्क प्लग काळा पडला असेल तर बदलावा. तो स्वस्त असतो आणि एक जादा घरी असावा.

सुरू करताना भार जोडलेला नसावा. इंजिन स्थिरावले की आधी मोटरची उपकरणे एकेक करून लावावीत, मग पंखे-दिवे. बंद करताना आधी भार काढावा आणि दोन-तीन मिनिटे मोकळे चालू देऊन मग थांबवावे. पाण्यात बुडालेला जनरेटर वाळलेला दिसला तरी दोरी ओढू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनचा दांडा वाकू शकतो आणि अल्टरनेटरच्या गुंडाळीत ओल राहते; तो थेट मेकॅनिककडे न्यावा.

आणि फ्लॅटमध्ये राहत असू तर?

बाल्कनीत, डक्टमध्ये किंवा सामायिक जिन्यात पेट्रोल जनरेटर चालवता येत नाही. वर सांगितलेल्या २० फुटांच्या अटीत यातले काहीच बसत नाही आणि रात्री दहानंतर निवासी भागासाठी असलेली ४५ डेसिबलची मर्यादाही पाळता येत नाही. फ्लॅटसाठी मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर आणि कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे हा मार्ग बरा आहे, कारण नेहमीचा ७५ वॅटचा पंखा बदलून ३० वॅटचा आणला की तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पंखे फिरवते. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी सोसायटीचा डिझेल जनरेटर असेल, तर तो पुराच्या पातळीच्या वर ओट्यावर बसवलेला आहे का, आणि त्यावरून प्रत्येक घराला दिवा-पंख्यापुरता वेगळा पॉइंट देता येईल का, हे सोसायटीच्या पुढच्या सभेत विचारून घ्यावे.